तीन पिवळ्या लोंब्या

(दृश्य: चंद्रपूर जिल्हा, नागभीड तालुका. सकाळचे कोवळे ऊन आणि धानाच्या बांध्या.)

दसऱ्याच्या सुमारास या भागात धान निसवते आणि लोंब्या भरू लागतात, तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या राहणाऱ्या परक्या माणसाला बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एकच रंग आणि एकच उंची दिसते. हा सारखेपणा आपोआप आलेला नसतो. परे, म्हणजे धानाची रोपे, उपटून, त्यांच्या मुठी बांधून, चिखलात वाकून दिवसभर रोवणी करणाऱ्या बायांनी तो घडवलेला असतो आणि पुढेही तो राखावा लागतो. ज्या बांधीचे धान बियाण्यासाठी ठेवायचे असते, तिच्यात पीक निसवल्यावर मुद्दाम फेरी मारली जाते. इतरांहून उंच वाढलेले, आधी फुललेले किंवा निराळ्या रंगाच्या दाण्याचे झाड दिसले, की ते मुळासकट उपटून बाहेर टाकतात. या कामाला भेसळ काढणे म्हणतात. निकाल त्या शब्दातच लागलेला आहे.

याच तालुक्यातील नांदेड या गावी १९८३ साली एका शेतकऱ्याने अशी भेसळ फेकून दिली नाही. दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंत झाले होते आणि शेती दीड एकर होती. ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात त्यांना पिवळसर दाण्यांच्या तीन लोंब्या बाकीच्या पिकापासून वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात त्यांचे दाणे शेताच्या मधोमध स्वतंत्र लावले आणि रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून भोवती काटेरी झुडपांचे कुंपण घातले.

त्या तीन लोंब्या आल्या कुठून, हा प्रश्न कोणालाही पडेल. धानाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. तुसाची दोन टरफले थोडा वेळ उघडतात, आणि ती उघडतात तेव्हाच आतले पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडून काम उरकलेले असते. परक्या झाडाचा पराग येऊन बी धरण्याचे प्रमाण सहसा शेकड्याला एकाहूनही कमी असते. म्हणून धानाचे वाण पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तसेच राहते. तरीही लाखो फुलांमध्ये एखादे फूल शेजारच्या परागाने फळते, किंवा एखाद्या दाण्यात आनुवंशिक बदल आपसूक घडतो, आणि बांधीत एक अनोळखी झाड उभे राहते. स्वपरागणाचा हाच गुण पुढे उपयोगी पडतो. निवडलेल्या झाडाचे बी वेगळे लावत गेले, दर वर्षी त्यातून हव्या त्या लोंब्या निवडत गेले, तर काही पिढ्यांत त्याची संतती एकजिनसी होऊ लागते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे सारे एका परिच्छेदात बसते. खोब्रागडे यांची त्यात पाच-सहा वर्षे गेली.

त्यांनी तयार केलेला बारीक दाण्याचा तांदूळ त्या काळी घरोघरी मनगटावर असणाऱ्या एचएमटी घड्याळाच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि विदर्भाबाहेरच्या बाजारांतही पोहोचला. पुढे त्यांनी नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, डीआरके असे आणखी अनेक वाण निवडले. डीआरके हे त्यांच्याच नावातील आद्याक्षरांवरून आले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला आणि २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकाने त्यांची दखल घेतली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या वाट्याला मान भरपूर आला आणि पैसा फारसा आला नाही, हे या परिसरात कोणालाही ठाऊक आहे. आपल्याला मात्र या कथेतील दोन वस्तूंपाशी थांबायचे आहे. एक म्हणजे वेगळेपण हेरणारा डोळा, आणि दुसरी म्हणजे ते काटेरी कुंपण.

(दृश्य: ज्वारीच्या शेतावरून वळणारा भोरड्यांचा थवा.)

कुंपण का लागते, हे समजण्यासाठी आकाशाकडे पाहावे. हिवाळ्यात वऱ्हाडातील ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात, आणि ससाणा दिसताच तो विस्कळीत थवा क्षणात आवळून एका चेंडूसारखा होतो. शिकारी पक्ष्याला झडप घालण्यापूर्वी एकच लक्ष्य नजरेत धरून ठेवावे लागते. शेकडो सारख्या पाखरांत ते धरता येत नाही, नजर एकावरून दुसऱ्यावर घसरत राहते. अशा थव्यात एकच पांढरे पाखरू असले, तर ससाण्याची अडचण तिथेच संपते. अमेरिकेतील दोन संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चंदेरी रंगाच्या लहान माशांच्या घोळक्यात निळे रंगवलेले एक-दोन मासे सोडले होते. सगळे मासे सारखे असताना गोंधळणाऱ्या मोठ्या शिकारी माशाला हा घोळका मग सोपा झाला.

रंगद्रव्य कमी असलेले पांढरे कावळे, पांढऱ्या चिमण्या क्वचित कुठे तरी दिसतात आणि वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र येते. त्यांचे दुर्मीळ असणे आपल्याला कौतुकाचे वाटते, परंतु त्यांची अडचण केवळ शिकाऱ्यापुरती नसते. पिसांना काळेपणा देणारे द्रव्य पिसांना बळकटीही देते. ते नसले की पिसे लवकर झिजतात. संपूर्ण वर्णहीन जीवाच्या डोळ्यांतही हे द्रव्य नसते, त्यामुळे डोळे गुलाबी दिसतात आणि उन्हात दृष्टी अधू पडते.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. ताडोबाच्या जंगलात २०१८ मध्ये काळा बिबट्या दिसला, तेव्हा पर्यटकांमध्ये मोठी खळबळ उडाली. तो काही वेगळ्या जातीचा प्राणी नव्हता. बिबट्यातील हा काळेपणा सुप्त गुण असतो. तो आई आणि बाप अशा दोघांकडून आला तरच पिल्लू काळे होते, आणि म्हणून दोन साध्या, ठिपकेदार बिबट्यांच्या पोटीही ते जन्मू शकते. तिरप्या उन्हात नीट पाहिले तर त्याच्या काळ्या अंगावरही ठिपके उमटलेले दिसतात. माणसाच्या दृष्टीने जंगलातील हा सर्वांत उठून दिसणारा प्राणी, आणि रात्री बांबूच्या रांजीत तोच सर्वांत कमी दिसणारा. उठून दिसणे हे पाहणाऱ्यावर आणि प्रकाशावर किती अवलंबून असते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

(दृश्य: फाल्गुन. माळावरचे पळस.)

पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो आणि त्याचा अर्थ कुठेही जा, सगळीकडे सारखेच, असा घेतो. फाल्गुनात तर पळसाला ती तीन पानेही नसतात. निष्पर्ण फांद्यांवर पोपटाच्या चोचीसारखी वाकडी, केशरी-लाल फुले लगडतात, मधासाठी मैना, बुलबुल आणि सूर्यपक्षी गोळा होतात, आणि होळीसाठी मुले पदरात व टोपल्यांत फुले वेचून नेतात. अशा शेकडो केशरी पळसांमध्ये एखादाच पळस पिवळ्या फुलांचा निघतो. झाड तेच, पाने तीच, शेंगही तीच. केशरी रंग देणारे द्रव्य तेवढे त्यात उतरत नाही. पांढऱ्या फुलांचा पळस त्याहूनही विरळा.

निसर्गाने या झाडाला शिक्षा केलेली नसते. ती माणूस करतो. पांढऱ्या आणि पिवळ्या पळसाला गुप्तधनाच्या आणि मंत्रतंत्राच्या समजुती चिकटलेल्या आहेत. एकदा का गावाबाहेर बातमी गेली, की रात्रीतून साल सोलली जाते, मुळ्या खणल्या जातात आणि फांद्या तोडल्या जातात. त्यामुळे जाणती माणसे असा पळस आपल्या शिवारात आहे हे बोलत नाहीत. आम्हीही या चित्रफितीत दिसणारा पिवळा पळस कोणत्या गावचा, हे सांगणार नाही. धानाला काट्यांचे कुंपण मिळाले. या झाडाला मौनाचे मिळाले आहे.

(दृश्य: मेळघाट. सागाच्या उघड्या फांदीवर एक लहान घुबड, भर दिवसा.)

काही जीव मात्र फारसे उठून दिसले नाहीत म्हणूनच हरवले. रानपिंगळा हे वीतभराहून थोडे मोठे घुबड ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये शास्त्राला परिचित करून दिले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणालाही मिळाला नाही. गावातल्या चिंचेवर, पडक्या भिंतीत राहणारा साधा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा, आणि दोघांमध्ये फरक इतका बेताचा की एकाला दुसरा समजणे सहज शक्य होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळपास बिनठिपक्यांचे असते. त्याच्या शेपटीवरचे पट्टे रुंद असतात, आणि तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून शेपूट हलवतो.

त्यातच एका इंग्रज संग्राहकाने केलेल्या लबाडीची भर पडली. रिचर्ड माइनर्त्झहागेन यांनी आपण १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मिळवल्याचे दाखवले होते. तो नमुना प्रत्यक्षात दुसऱ्याने पूर्वीच गोळा केलेला आणि संग्रहालयातून चोरलेला होता. या खोट्या नोंदीमुळे नंतरच्या शोधाची दिशाच चुकली. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुन्या नमुन्यांची छाननी करून ही बनवाबनवी उघड केली, खऱ्या ठिकाणांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह खानदेशात शहाद्याजवळ तो पक्षी पुन्हा पाहिला. एकशे तेरा वर्षांनंतर! पुढे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात तो बऱ्यापैकी संख्येने असल्याचे आढळले. नामशेष ठरलेला पक्षी सागाच्या झाडावर बसून भर दुपारी ओरडत होता.

मेळघाटातून खाली उतरल्यावर वाटेतील कोणत्याही गावाच्या आखरावर सकाळी क्षणभर थांबावे. गुरे जमतात, आणि आपल्याला ती केवळ गुरे दिसतात. ज्याला विदर्भात गायकी म्हणतात, त्या गुराख्याला मात्र शंभर गुरांपैकी कोणते आज आले नाही, हे मोजल्यावाचून कळते. शिंगाचा कल, चालीतली लचक, कानाची फाटकी कड या त्याच्या खुणा असतात. कळप हा फक्त लांबून पाहणाऱ्यासाठी कळप असतो. खोब्रागडे यांच्या डोळ्यालाही हीच सवय होती, असे मला वाटते. नवे काही शोधण्यासाठी ते बांधीत फिरत होते असे समजण्याचे कारण नाही. आपली बांधी त्यांना झाडाझाडाने माहीत होती.

माणूस हा बहुधा एकमेव प्राणी असा, जो कधी कधी ठरवून उठून दिसतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि सोबत मडक्याचे खापर घेऊन गावात शिरत. हे ध्यान पाहायला माणसे जमत. माणसे जमली, की बाबा खराटा हातात घेऊन त्यांच्यासमोर त्यांचेच रस्ते झाडू लागत, आणि रात्री त्याच माणसांपुढे कीर्तन उभे राही. एवढा उघड डाव इतक्या गावांत यशस्वी झाला, याचे मला नेहमी नवल वाटते.

(दृश्य: गोंदिया जिल्हा. तलावाच्या पोटातील धानाची बांधी आणि सारसाची जोडी.)

भंडारा आणि गोंदिया हे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या मालगुजार जमीनदारांच्या, तलावांचे जिल्हे आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. या तलावांच्या काठी आणि लगतच्या धानात राहणारा सारस उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच असून त्याची उंची सुमारे १.८ मीटरपर्यंत भरते. राखाडी अंग, लाल डोके आणि मैलभर ऐकू जाणारी जोडीची एकत्र साद, यांमुळे लपणे त्याला जमण्यासारखे नाही. महाराष्ट्रात आता तो प्रामुख्याने गोंदियात आणि थोडाफार भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांत उरला असून त्याची संख्या काही डझनांच्या पुढे जात नाही. पाण्यात किंवा धानात गवताकाड्यांचा ढीग रचून मादी त्यावर बहुधा दोन अंडी घालते, आणि नर-मादी दोघे मिळून सुमारे महिनाभर ती उबवतात. या काळात भटकी कुत्री, अंडी पळवणारी माणसे आणि फवारणीचे विष यांचे भय असते. मोठ्या पक्ष्यांचा जीव विजेच्या तारांवर जातो.

घरट्यापायी काही चौरस मीटर धान नासते. ज्याची शेती एक-दोन एकर आहे, त्याला ते नुकसान जाणवतेच. तरीही येथील कित्येक शेतकरी स्थानिक निसर्गप्रेमींच्या साथीने घरट्यावर पहारा ठेवतात आणि त्याच्या भोवतीचे धान तसेच उभे ठेवतात.

(दृश्य: पुन्हा नागभीड तालुका. बियाण्याचे धान.)

खोब्रागडे यांच्या तीन लोंब्यांपासून आलेले धान आता हजारो बांध्यांत रोवले जाते. ज्या दाण्यांना एकेकाळी काट्यांच्या आड ठेवावे लागले, त्यांचाच आता डोळा पोहोचेल तिथपर्यंत एक रंग आणि एक उंची झाली आहे. दसऱ्याच्या सुमारास बियाण्याच्या बांधीत बाया ओळीने शिरतात. पुढची बाई थांबते, एक उंच झाड बुडापाशी धरते, चिखलातून ओढून काढते, त्याची लोंब बोटांत धरून क्षणभर पाहते, आणि मग ते धुऱ्यावर टाकून पुढे सरकते.