समुद्रसपाटीपासून सोलापूर

(दृश्य: पहाटेचे सोलापूर रेल्वे स्थानक. फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी.)

फलाटाच्या टोकाशी उभ्या असलेल्या या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाबरोबर बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते, आणि गाडी पकडण्याच्या घाईत ती फारसे कोणी वाचत नाही. सोलापूर हे पर्जन्यछायेतले, साधारण साडेचारशे मीटर उंचीवरचे गाव. येथल्या माणसाला समुद्र भेटतो तो मुंबईला किंवा गणपतीपुळ्याला गेल्यावरच. तरीही या गावाची उंची सांगायची झाली, तर मोजपट्टीचे दुसरे टोक समुद्रातच धरावे लागते. मग प्रश्न असा पडतो, की जो समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, त्याची ‘सपाटी’ म्हणायची तरी कोणती?

ती सपाटी म्हणजे एक सरासरी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशातील उंच्यांसाठी १९०९ साली जो पाया निश्चित केला, तो नऊ बंदरांवरील भरतीमापकांच्या नोंदींवर उभा होता, आणि त्यांत मुंबईही होती. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ सालापासूनच्या आहेत. लाटा, भरती, ओहोटी, ऋतू या सगळ्यांचे चढउतार वर्षानुवर्षांच्या सरासरीत जिरवले, की जी पातळी उरते तिला आपण सपाटी म्हणतो.

(दृश्य: उजनी जलाशय, भर उन्हाळा. उघडे पडलेले पळसदेवचे मंदिर.)

मोजमापातले शून्य कोणी आणि कुठे धरले आहे, हे सोलापूरकराला वेगळे शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात येथली वर्तमानपत्रे ‘उजनी उणे’ असा मथळा देतात, आणि परगावचा पाहुणा तो वाचून गोंधळतो. धरणात पाणी दिसते आहे, मग ते उणे कसे? उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांतून आपोआप बाहेर न येणारे तळाचे पाणी, आहे. टक्केवारीचे शून्य या मृतसाठ्याच्या माथ्यावर धरलेले आहे, तळाशी नाही.

भरतीच्या आकड्यांचेही असेच असते. पावसाळ्यात मुंबईसाठी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस आधीच जाहीर होतात. हे मीटर सागरी नकाशांच्या शून्यापासून, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेले असतात. मुंबईत सरासरी सपाटी त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर येते. म्हणून ४.८ मीटरची भरती याचा अर्थ समुद्र सपाटीपेक्षा सव्वादोन मीटरांहून थोडा अधिक चढला, एवढाच. दूरचित्रवाणीवर हा फरक क्वचितच सांगितला जातो, आणि मग शहरावर पाच मीटर पाणी चालून येणार असे चित्र उभे राहते.

(दृश्य: चंद्र. त्यानंतर भरतीने झाकली जाणारी जेटी.)

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांचे ओढणे एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्यांचे ओढणे परस्परांना काटकोनात असते, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती. चंद्र त्याच वेळी पृथ्वीच्या सर्वांत जवळ असला तर उधाण आणखी वाढते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची तयारी चाललेली असते त्या सुमारास, पृथ्वीही सूर्याच्या सर्वांत जवळ असते. त्यामुळे जगातील अनेक किनाऱ्यांवर वर्षातील मोठ्यांत मोठ्या भरत्या या थंडीच्या दिवसांत येतात. इंग्रजीत त्यांना ‘किंग टाइड’ म्हणतात. केरळमध्ये मल्याळी पंचांगातील वृश्चिक महिन्यात येणाऱ्या अशा भरतीला ‘वृश्चिक वेलियेट्टम’ असे जुने नाव आहे.

या भरत्यांना हवामानबदल कारणीभूत नाही. त्या पूर्वीही येत होत्या. बदलते आहे ती त्यांच्या खालची सपाटी. १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने, म्हणजे जवळजवळ एक वीत, वाढली. २००६ ते २०१८ या काळातील वाढीचा वेग वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर होता. १९७१ ते २०१८ मधील वाढीपैकी निम्मी केवळ तापलेले पाणी प्रसरण पावल्यामुळे झाली, आणि बरीचशी बर्फ वितळल्यामुळे. सुमारे ८ टक्के वाटा जमिनीवरील पाण्याच्या साठ्यांतील बदलाचा आहे: भूगर्भातून उपसलेले पाणी अखेर समुद्राला मिळते आणि धरणे काही पाणी अडवून धरतात, या जमाखर्चाची ती बाकी. उसासाठी खोल खोल बोअर घेणाऱ्या आपल्या जिल्ह्याचाही त्या हिशेबात, कितीही बारीक का असेना, हात आहे.

एका वितीने काय होते? शंभराला एक अशा उताराच्या किनाऱ्यावर पाणी २० सेंटीमीटर चढले, तर ते २० मीटर आत येते. आज किंग टाइड ज्या पायरीला टेकते, तेथे उद्याची साधी उधाणाची भरती टेकेल. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये २००९ च्या जानेवारीत सामान्य लोकांना किंग टाइडची छायाचित्रे काढण्याचे आवाहन झाले, आणि पुढे कॅलिफोर्नियासह अनेक किनाऱ्यांवर हा उपक्रम रुजला. सिडनीच्या मॅनली किनाऱ्यावर २०१७ मध्ये ‘कोस्टस्नॅप’ या लोकांच्या फोटोंतून किनाऱ्याची नोंद ठेवणाऱ्या उपक्रमाने फोन ठेवण्यासाठी पोलादी खाच बसवली, म्हणजे कोणीही येऊन फोटो काढला तरी जागा आणि कोन तोच राहतो. भरतीमापक बंदरात एकाच जागी उभा असतो. कोणाच्या गल्लीत पाणी कुठवर आले, हे त्याला दिसत नाही.

(दृश्य: सिद्धेश्वर तलावाचा काठ. फोन हातात घेतलेले विद्यार्थी.)

समुद्र नसला तरी अशा फोटोंचा सराव करता येतो, म्हणून आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभे राहिलो. पहिल्या दिवशीचे सर्व फोटो सुंदर आले आणि सर्व निरुपयोगी ठरले. पाण्यात मंदिराचे प्रतिबिंब होते, आकाश होते, बदके होती. परंतु पाणी कोणत्या पायरीवर आहे, हे एकाही फोटोतून सांगता येईना. शिवाय सगळ्यांनी ते व्हॉट्सअॅपवरून पाठवले, आणि त्या प्रवासात फोटोत दडलेली वेळ व जागेची नोंद गळून पडली. दुसऱ्या दिवशी चौकटीत न हलणारी एक खूण धरली: कोपरा उडालेला दगड आणि त्याच्या खालच्या तीन पायऱ्या. मूळ फाइल जपली. वहीत तारीख, वेळ आणि वारा लिहिला.

वेळेची ही काटेकोरी उगाच नाही. भरती-ओहोटीत चार मीटरचे अंतर असलेल्या बंदरात भरतीच्या शिखरानंतर अर्ध्या तासाने फोटो काढला, तर पाणी सहा-सात सेंटीमीटर उतरलेले असते. वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने पाहिले तर ती सतरा वर्षांची वाढ झाली, आणि ती अर्ध्या तासाच्या आळसात पुसली जाते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला तरी पाणी सुमारे एक सेंटीमीटर फुगते. वारा किनाऱ्याकडे असला तर आणखी. त्यामुळे एका फोटोवरून ‘समुद्र वाढला’ असे म्हणणारा माणूस उतावळा समजावा. त्याच खुणेचे वर्षानुवर्षांचे फोटो भरतीमापकाच्या नोंदीशेजारी ठेवले, तरच त्यांना मोजमापाची किंमत येते.

(दृश्य: नारळी पौर्णिमा. सोलापुरातील मार्कंडेय रथोत्सव.)

नारळी पौर्णिमेला कोकणात समुद्राला नारळ वाहिला जातो, आणि त्याच दिवशी सोलापुरात पद्मशाली समाजाचा मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. मुंबईला पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या मागेपुढे शिखरावर येते. परंतु त्या उधाणातील सर्वांत मोठी भरती बहुधा पौर्णिमेची नसते. चंद्राच्या ओढीला समुद्र उशिराने प्रतिसाद देतो, आणि पाणी एक-दोन दिवसांनी अधिक चढते. सोलापुरातला रथ तोवर जागेवर परतलेला असतो. किनाऱ्यावर ठरलेल्या पायरीसमोर फोन धरून उभे राहायचे, ते तेव्हा.