अर्धा पेढा

नमस्कार श्रोतेहो. आज एकाच शब्दाविषयी बोलायचं आहे. रेमिशन. कॅन्सरचे उपचार संपल्यावर डॉक्टर म्हणतात, "तुम्ही रेमिशनमध्ये आहात." घरचे एकमेकांकडे बघतात. हसावं की थांबावं, कुणालाच कळत नाही. पंचवीस वर्षं मी हा शब्द पेशंटना सांगत आलो, पण मला तो नीट समजावला एका मावशींनी.

मावशी कोरेगावकडच्या. मानेत गाठ आली, तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा केमो झाल्या. केस गेले, तोंड आलं, भाकरी नकोशी झाली. शेवटी पेट स्कॅन केला. त्यात किरणोत्सारी साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी ती हपापल्यासारखी ओढून घेतात, म्हणून गाठ चमकते. मावशींच्या स्कॅनमध्ये काहीच चमकत नव्हतं.

भाच्याने रिपोर्ट आदल्या रात्रीच मोबाइलवर वाचला होता. (हे मला अजिबात आवडत नाही. पण ऐकतो कोण!) सकाळी मावशी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊनच आल्या. कंदी पेढा खरपूस भाजलेला हवा बरं का. हल्ली नुसती साखर लागते तोंडाला. असो. मी म्हटलं, "मावशी, रेमिशन आलंय. तीन महिन्यांनी दाखवायला या."

दोरा सोडणारा हात थांबला.

"बरी झाले न्हवं? मग परत कशाला यायचं?"

मी समजावू लागलो. रोगाने माघार घेतली आहे, स्कॅनला दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाहीच, असं आज छातीठोक सांगता येत नाही. एक सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे शंभर कोटी पेशी असतात. त्यातल्या मूठभर कुठे दडून बसल्या, तर त्या कुठल्याच यंत्राला दिसायच्या नाहीत.

मावशी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "म्हंजे हरळी. रान नांगरलं, कुळवलं, काशा येचून बांधावर टाकल्या. रान कसं लख्ख दिसतं. पण एखादी काशी खाली ऱ्हायली का, ते पाऊस पडल्याबिगर कळत न्हाई."

मी काय बोलणार? त्यांनी पुडा सोडला, एक पेढा मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला. "ह्यो आत्ता. उरल्याला अर्धा पाच वर्सांनी."

तर श्रोतेहो, पुन्हा सांगतो: रेमिशन म्हणजे रोग दिसेनासा होणं. नुसताच कमी झाला असेल, तर ते अर्धवट रेमिशन. दोन्हींत तपासणी चुकवायची नाही. मावशींच्या प्रकारचा लिम्फोमा परत यायचाच असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून तेव्हा भेटी जवळजवळ असतात. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये मात्र दहा-पंधरा वर्षांनीही लक्ष ठेवावं लागतं. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये तर रेमिशन असतानाही रोजची गोळी चालू राहते. तेव्हा शेजारणीचं वेळापत्रक आपल्याला लावू नका. मधल्या काळात नवी गाठ, रात्रीचा दरदरून घाम, न उतरणारा ताप, विनाकारण घटणारं वजन, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका.

आणि हो, पेढ्याने कॅन्सर परत येत नाही. स्कॅनमध्ये साखर चमकते म्हणून लोक पेशंटचा चहासुद्धा बिनसाखरेचा करतात. आधीच केमोने जीव मेटाकुटीला आलेला!

१९४८ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांमध्ये औषधाने आलेलं रेमिशन जगापुढे मांडलं. त्या औषधामागे आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचं काम होतं. त्या मुलांना मिळाले ते काही महिनेच. मावशी पाच वर्षं मोजत होत्या.

दर खेपेला त्या खुर्चीत बसायच्या आधीच सांगायच्या, "रान बघा." मी मान, काख, जांघ चाचपायचो. पाच वर्षं रान स्वच्छ राहिलं. ठरल्या दिवशी मावशी पुडा घेऊन हजर. मधल्या काळात माझीच साखर वाढली होती, आणि ही बातमी बाहेर बसणाऱ्या सिस्टरने त्यांना आधीच दिली होती.

मावशींनी पेढा मोडला. अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, उरलेला भाच्याला दिला आणि मला म्हणाल्या, "तुमी तीन महिन्यांनी दाखवा."

नमस्कार.