डोव्हरच्या शिक्षकांनी ते निवेदन वाचलं नाही

जानेवारी २००५. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातलं डोव्हर हे छोटं गाव. हायस्कूलमधे नववीचा बायोलॉजीचा तास आहे, पण वर्गात आलेत स्कूल बोर्डाच्या (म्हणजे गावाने निवडून दिलेल्या, शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) ऑफिसमधले अधिकारी, हातात एक कागद घेऊन. त्यात लिहिलंय की डार्विनची थिअरी म्हणजे फॅक्ट नाही, तिच्यात गॅप्स आहेत, इंटेलिजंट डिझाइन हे वेगळं स्पष्टीकरण आहे आणि ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी शाळेत पुस्तक ठेवलंय.

खरं तर हा कागद शिक्षकांनीच वाचायचा होता. बोर्डाने ऑक्टोबर २००४ मधे सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला होता की मुलांना डार्विनच्या थिअरीतल्या गॅप्स आणि इंटेलिजंट डिझाइन यांबद्दल सांगायचं, आणि नोव्हेंबरमधे जाहीर केलं की शिक्षकांनी हे निवेदन वाचायचं. पण सायन्सच्या शिक्षकांनी लेखी कळवलं की इंटेलिजंट डिझाइन हे सायन्स नाही, आणि आम्ही स्वतः वाचलं तर पोरांना वाटणार की हे उत्क्रांतीच्या तोडीचं काहीतरी आहे, जे खरं नाही. नोकरी करत असलेल्या माणसांनी आपल्याच बोर्डाला हे लिहून द्यायचं म्हणजे काय धाडस लागतं बघा, मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यांच्याबद्दलच.

आता इंटेलिजंट डिझाइन म्हणजे काय, तर सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती आपोआप होऊच शकत नाही, कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असणारच, पण तो कोण हे मात्र सांगायचं नाही. का नाही सांगायचं? कारण १९८७ मधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं होतं की सरकारी शाळेत सायन्सच्या नावाखाली बायबलमधली सृष्टीची उत्पत्ती शिकवता येणार नाही.

अकरा पालक कोर्टात गेले. टॅमी किट्झमिलर या आईचं नाव केसला मिळालं. सप्टेंबर २००५ मधे हॅरिसबर्गला सुनावणी सुरू झाली आणि तिथे त्या शाळेत ठेवलेल्या पुस्तकाचे जुने ड्राफ्ट बाहेर आले. १९८७ च्या त्या निकालाआधीच्या ड्राफ्टमधे सरळ सरळ 'क्रिएशन' लिहिलेलं, आणि निकालानंतरच्या ड्राफ्टमधे वाक्यं तीच, व्याख्या तीच, फक्त साधारण १५० ठिकाणी तो शब्द काढून इंटेलिजंट डिझाइन घातलेलं! एका ठिकाणी तर जुना शब्द नीट पुसलाच गेला नाही, त्याच्या पोटातच नवा शब्द घुसलाय.

पालकांच्या बाजूने साक्ष दिली केनेथ मिलर यांनी. हे बायोलॉजीचे प्रोफेसर, पाठ्यपुस्तकाचे लेखक आणि स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. चिंपांझी, गोरिला यांच्यात ४८ क्रोमोसोम (गुणसूत्रं) आणि आपल्यात ४६, मग एक जोडी गेली कुठे? पूर्वज एकच असेल तर आपल्यात दोन क्रोमोसोम एकमेकांना चिकटलेले सापडायला हवेत, नाही सापडले तर थिअरी अडचणीत. आणि सापडले, आपला दोन नंबरचा क्रोमोसोम तसाच आहे, जे टोकाला असायला हवं ते टेलोमिअर त्याच्या मधोमध आहे. सायन्स असं चालतं, आधी सांगायचं काय सापडायला हवं आणि मग जाऊन तपासायचं.

दुसऱ्या बाजूचे मुख्य साक्षीदार मायकेल बीही, तेही बायोकेमिस्ट्रीचे प्रोफेसर. त्यांना उलटतपासणीत कबूल करावं लागलं की त्यांची सायन्सची व्याख्या मानली तर ज्योतिषही त्यात बसेल. प्रतिकारशक्तीच्या उत्क्रांतीवरचे ५८ रिसर्च पेपर आणि वर पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली, तरी ते म्हणाले हे पुरेसं नाही.

जज जॉन जोन्स, रिपब्लिकन पक्षाचे, त्याच पक्षाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीच नेमलेले. २० डिसेंबर २००५ ला १३९ पानांचा निकाल आला: हे सायन्स नाही, धर्म आहे, आणि बोर्डाचा ठराव राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. त्याआधीच नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत ठरावाच्या बाजूचे जे आठ मेंबर उभे होते ते सगळे गावानेच पाडले होते. नव्या बोर्डाने ठराव रद्द केला, पण फिर्यादींच्या वकिलांच्या फीचे दहा लाख डॉलर शाळेच्याच पैशातून गेले.

आणि हे फक्त तिकडचं आहे असं समजू नका. जानेवारी २०१८ मधे आपल्या औरंगाबादमधे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, आणि शाळा-कॉलेजात हे बदललं पाहिजे. देशातल्या तिन्ही सायन्स अकॅडमींनी लगेच एकत्र पत्रक काढून विरोध केला. त्याच वर्षी बालभारतीचं दहावीचं नवीन विज्ञानाचं पुस्तक आलं, भाग दोनचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती', पेरिपॅटस, प्लॅटिपस असे दोन गटांना जोडणारे प्राणी, अवशेषांगं म्हणजे शरीरात उरलेले निरुपयोगी अवयव, सगळं त्यात आहे. केंद्राच्या एनसीईआरटीने मात्र आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी २०२३ मधे विरोधाचं पत्र लिहिलं. कारण तिथे आता हा विषय थेट बारावीच्या बायोलॉजीत येतो, म्हणजे दहावीनंतर कॉमर्स, आर्ट्स किंवा बायोलॉजी सोडून काहीही घेतलेल्या मुलांना तो शाळेत शिकायलाच मिळत नाही.