काढता पाय घेण्याची तयारी : गर्दीची धास्ती आणि थीम पार्कची सहल

मंडळी, बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘गर्दीची धास्ती असणाऱ्या कुटुंबासाठी थीम पार्कच्या दिवसाचा आराखडा’ असा लिहिला आहे. आराखडा मी शेवटी देणारच आहे. आधी एक मुद्दा मांडते, कारण तो पटला नाही तर आराखडा कागदावरच राहील.

सहल ठरायला लागली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘गर्दी कधी कमी असते?’ मग कॅलेंडर उघडतं, शाळेच्या सुट्ट्या बघितल्या जातात, जोडून आलेले शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते गुरुवारातला एखादा दिवस धरला जातो. हे कराच. पण ज्या माणसाला गर्दीची धास्ती आहे ते माणूस या चर्चेत गप्प असतं, कधी लक्ष दिलंय? आत दहा हजार लोक आहेत की वीस हजार, हा त्याचा प्रश्नच नसतो. मला नको झालं तर तिथून निघता येईल का, किती वेळात, आणि मी निघालो तर सगळ्यांचा विरस होईल का, हे त्याला विचारायचं असतं. आणि विचारायची लाज वाटत असते.

हे मी मनाने सांगत नाही. मानसोपचारातल्या ‘डीएसएम-५’ या २०१३ च्या निदानपुस्तिकेत अगोराफोबिया या भीतीच्या आजाराचे निकष दिले आहेत. त्यात भीती वाटण्याचे पाच प्रसंग आहेत : सार्वजनिक वाहनं, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांगेत उभं राहणं किंवा गर्दीत असणं, आणि घराबाहेर एकटं असणं. यातले किमान दोन आणि साधारण सहा महिन्यांहून जास्त काळ, असा तो निकष आहे. आता थीम पार्कचा एक दिवस घ्या. मिनीबस किंवा मोनोरेल, मोठं चौकवजा मैदान, अंधाऱ्या खोल्या, रांगा. पाचातले चार एका तिकिटात! या सगळ्या प्रसंगांमागचं कारणही तिथे लिहिलेलं आहे : काही झालं तर सुटका कठीण होईल, मदत मिळणार नाही, ही भावना. धास्ती असलेल्या प्रत्येकाला हा आजार असतो असं मुळीच नाही. पण भीतीची मुळी तीच असते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की गर्दी टाळण्यावर जितका वेळ घालवता तितकाच बाहेर पडण्याच्या वाटा ठरवण्यावर घालवा.

इथे थोडं मागे जाते. १७ जुलै १९५५. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी डिस्नेलँडचं उद्‌घाटन. दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता, पण बनावट पासांचा सुळसुळाट झाला आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आत आली. कुंपणाला शिडी लावून कुणी पैसे घेऊन लोकांना आत सोडत होतं, असंही सांगतात. ऊन कडक. रस्त्यांचं डांबर ताजं, त्यात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतत होत्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. आणि हे सगळं दूरचित्रवाणीवरून थेट दाखवलं जात होतं!

ही हकीकत लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. नीट बघा, माणसाला नकोसं कशाने झालं? ऊन, तहान, पाय अडकणं, आणि पुढे काय होणार याचा पत्ता नसणं. नुसती डोकी मोजून यातलं काहीच हाती लागत नाही. आजच्या पार्कांत पाणी आहे, सावली आहे. चौथी गोष्ट मात्र अजून तशीच आहे, ती म्हणजे अनिश्चितता. व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली वाट बघण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच मांडलं : किती वेळ लागणार हे माहीत नसलेली, कारण न सांगितलेली आणि धास्तीत काढलेली वाट जास्त लांब वाटते.

म्हणून आता रांगेतच जाऊन उभे राहू. जवळून बघायची जागा तीच आहे.

बाहेर पाटी असते, ‘प्रतीक्षा ४५ मिनिटं’. हा आकडा येतो कुठून? कर्मचारी माणसं बघून अंदाज बांधतात, कॅमेरे असतात. काही पार्कांत रांगेच्या तोंडाशी एखाद्या पाहुण्याच्या हातात कार्ड देतात. त्याने ते राइडमध्ये बसताना परत करायचं, मधला वेळ मोजला जातो. पद्धत चांगली, पण त्यात एक मेख आहे. कार्ड आत्ता परत आलं म्हणजे ते पाऊण तासापूर्वी आत शिरलेल्या माणसाचा वेळ सांगतं, तुमचा नाही. सकाळी गर्दी चढत असते तेव्हा नुसत्या अशा मोजणीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. संध्याकाळी ती ओसरत असते तेव्हा जास्त येतो. शिवाय पाहुणे नाराज होऊ नयेत म्हणून बरेचदा वाढवून लिहितात, ते वेगळंच. तेव्हा स्वतः मोजायला शिका.

हिशोब सोपा आहे. समजा रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जागा आहेत आणि दर ९० सेकंदांनी गाडी सुटते. म्हणजे मिनिटाला १६ माणसं. तुमच्या पुढे कठड्यांच्या आठ ओळी, एका ओळीत तीसेक माणसं, म्हणजे २४० जण. २४० भागिले १६, झाली १५ मिनिटं. पण शेजारी प्राधान्याची रांग असते ना, आधी वेळ घेऊन किंवा जादा पैसे भरून आलेल्यांची? पुढे जिथे दोन्ही रांगा एकत्र येतात तिथे उभा कर्मचारी त्या रांगेतून जास्त माणसं सोडतो. निम्म्या जागा तिकडे गेल्या तर तुमची १५ ची ३० मिनिटं होतात. चारातल्या तीन गेल्या तर ६०. कठड्यातली माणसं तेवढीच, रांग दिसायला तेवढीच, आणि वेळ चौपट! धास्तीच्या माणसाचा धीर सुटतो तो इथे, ‘इतकी छोटी रांग आणि हलत का नाही’ या प्रश्नापाशी. त्याला आधीच सांगून ठेवा, की पुढे जोड आहे, तिथे आपण थांबणार आहोत, आणि थांबण्याचं कारण हे आहे.

प्राधान्याच्या रांगेचा विषय निघालाच आहे तर सांगते. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला, तोही फुकट. वेळेची चिठ्ठी घ्या आणि ठरल्या वेळी या. २०२१ मध्ये तो जाऊन पैसे देऊन घ्यायची सोय आली. माझं मत विचाराल तर ज्याच्या घरी धास्तीचं माणूस आहे त्याने एखादी भेटवस्तू कमी घ्यावी, पण ही सोय घ्यावी. मात्र एक लक्षात ठेवा. यातून राइडची क्षमता वाढत नाही. रांगेतून सुटलेली माणसं वाटांवर, दुकानांत, बाकांवर येतात. रांगेतली गर्दी टळली म्हणून चौकातली टळत नाही.

आता रांगेतल्या अवघड जागा. पहिली म्हणजे दोन रांगांचा तो जोड. दुसरी, आतली बंद खोली. पुष्कळ राइडच्या आधी तीसचाळीस जणांना एका खोलीत घेतात, दार लावतात, दिवे मंद करतात, पडद्यावर गोष्ट दाखवतात. लोक गोष्ट नीट दिसावी म्हणून मध्यभागी जातात. तुम्ही भिंतीकडेला राहा, आणि दारावरच्या कर्मचाऱ्याला आधीच सांगा, ‘आमच्यातल्या एकाला बाहेर यावं लागेल कदाचित.’ अंधारात दार शोधण्यापेक्षा हे एक वाक्य सोपं आहे. तिसरी जागा चढण्याचा फलाट. तिथे राइडमध्ये न बसता बाहेर जायची वाट असते, काही ठिकाणी तिला ‘चिकन एग्झिट’ म्हणतात. नाव काहीही असो, घाबरून मागे फिरणारे इतके असतात की त्यांच्यासाठी वाटच ठेवावी लागली, हे तुमच्या घरातल्या माणसाला जरूर सांगा. म्हणजे रांगेच्या अगदी टोकापर्यंत जाऊनही नाही म्हणता येतं. आणि चौथी, राइड बंद पडणं. घोषणा होते, रांग थिजते. इथे नियम ठरलेला असावा : दहा मिनिटं थांबायचं, हलली नाही तर निघायचं. तिथे उभं राहून चर्चा करायची नाही.

आता माझी तक्रार. ती थोडी लांबेल, पण ऐका. ‘चल गं, काही होत नाही. एवढी माणसं उभी आहेत, त्यांना काही झालं का?’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि घात करतं. त्या वेळी शरीरात काय चाललंय ते बघा. ॲड्रेनालिन सुटलेलं, छातीत धडधड, श्वास भराभर. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. माणसाला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून ते आणखी जोरात श्वास घेतं आणि फेरा वाढतो. अशा वेळी ‘मोठा श्वास घे’ सांगणं चूक आहे. सांगायचं ते ‘सावकाश सोड’ असं. चार आकडे घ्यायचा, सहा आकडे सोडायचा, ओठ थोडे आवळून, तीनचार मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेणं नको. घाबरगुंडीची लाट काही मिनिटांत शिगेला पोचते आणि उतरते, हे माहीत असलं की निम्मं काम होतं. ही लक्षणं पहिल्यांदाच येत असतील, किंवा दुखणं हाताकडे-जबड्याकडे जात असेल, तर मात्र धास्ती म्हणून सोडून देऊ नका, वैद्यकीय मदत घ्या.

कुणी हुशार माणूस विचारेल, की सारखं बाहेर पडलं तर भीती वाढणार नाही का? बरोबर आहे. लाट शिगेला असताना पळ काढला की मेंदू शिकतो, ‘पळालो म्हणून वाचलो.’ म्हणून बाहेर पडणं म्हणजे पार्क सोडणं नव्हे. रांगेतून निघून वीस पावलांवरच्या ठरलेल्या बाकावर बसायचं, लाट उतरू द्यायची, मग पुन्हा ठरवायचं : हीच राइड, दुसरी, की आणखी थोडा वेळ. निर्णय लाट उतरल्यावर घ्यायचा, आधी नाही. आणि वाट माहीत असली की ती वापरावी लागतेच असं नाही, उलट रांगेत टिकून राहणं त्यानेच सोपं होतं. भीती फारच घट्ट असेल तर सहलीच्या दोनतीन महिने आधी तज्ज्ञाकडे जा. टप्प्याटप्प्याने गर्दीला सामोरं जायला शिकवणारी उपचारपद्धती चांगली रुळलेली आहे. आधी पाच मिनिटांची रांग, मग पंधराची, असा सराव घराजवळही होतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. आराखडा राहिलाच! भराभर सांगते, लिहून घ्या.

आदल्या आठवड्यात नकाशा छापा. शौचालयं, प्रथमोपचार केंद्र, सावलीतले बाक आणि शांत खोली असल्यास ती, पेनाने गोल करा. प्रत्येक भागात एक थांबा ठरवा. कारंजं किंवा किल्ला नको, तिथे सगळेच भेटतात. अपंगत्व किंवा स्वमग्नतेसाठी रांगेबाहेर थांबायची सोय असते, तिचे नियम पार्कागणिक वेगळे आणि बदलते असतात. आधी अर्ज लागतो का ते पार्कालाच विचारा. लहान मूल असेल तर ‘रायडर स्वॅप’ विचारा : एक मोठा मुलाबरोबर थांबतो, मग अदलाबदल होते, दुसऱ्याला पूर्ण रांग लावावी लागत नाही. धास्तीच्या माणसालाही थांबायला हे सन्मानाचं निमित्त होतं.

माणसं वाटून घ्या. निघावं लागलं तर बरोबर कोण जाणार, मुलांजवळ कोण राहणार, हे घरीच ठरवा. एक खूण ठरवा, एखादा शब्द किंवा हाताची. खूण झाली की ‘का’ विचारायचं नाही. सकाळी फाटकाबाहेर मुलांचे आजच्या कपड्यांतले फोटो काढा, मनगटावर फोन नंबर लिहा. हरवलास तर जागेवर थांब आणि नावाची पट्टी लावलेल्या कर्मचाऱ्याला सांग, हे मुलांकडून म्हणवून घ्या. पुष्कळ आईवडिलांची गर्दीची धास्ती खरं म्हणजे मूल हरवण्याची असते, ती इथे बरीच उतरते.

वेळा. उघडताना फाटकाशी पोचा असं सगळे सांगतात. तुमच्यासाठी ते नाही. पहिल्या दहा मिनिटांची धाव हा दिवसातला फार दाटीचा क्षण असतो. उघडल्यावर वीस मिनिटांनी शिरा. पहिले दीड-दोन तास रांगा तरीही छोट्या असतात, सर्वांत हव्या त्या दोन राइड तेव्हाच घ्या. जेवण अकराला, लोकांच्या आधी. बारा ते चार मुक्कामी परत किंवा बसून बघायचे खेळ, तेही कडेच्या खुर्चीवर. पुन्हा प्रवेशाचा नियम आधी बघून ठेवा. मिरवणूक सुरू असते तेव्हा तिच्या मार्गापासून लांबच्या राइड बऱ्याचदा मोकळ्या असतात. मात्र मिरवणूक वाट अडवते, तेव्हा सुरू व्हायच्या आधी योग्य बाजूला जा. चहाकॉफी कमी, पाणी जास्त, आदल्या रात्री पुरी झोप.

खरी धोक्याची दाटी ओळखा. चौरस मीटरमध्ये दोन माणसं म्हणजे साधी रांग. पाचच्या वर गेली, हात वर घेता येईना, आपण ढकलले जातोय असं वाटलं, तर ती धास्ती नव्हे, धोका आहे. हात छातीपुढे धरा, भिंती-कठड्यांपासून दूर राहा, ढकल थांबली की तिरके गर्दीच्या कडेला सरका. पार्कातल्या नेहमीच्या रांगेत ही वेळ सहसा येत नाही, आणि हा फरक कळला की पुष्कळांना हायसं वाटतं.

राहिली रात्रीची आतषबाजी. संपली की हजारो माणसं एकाच फाटकाकडे निघतात. दोनच पर्याय आहेत : संपायच्या पंधरा मिनिटं आधी फाटकाजवळून बघत निघा, किंवा संपल्यावर चाळीस मिनिटं बाकावर बसून राहा. मधला पर्याय नको. मुलं हट्ट करतात म्हणून दोन्हींपैकी कोणता ते आदल्या दिवशीच त्यांच्याशी बोलून ठरवा. वेळ संपली. नकाशावर गोल कसे करायचे ते ज्यांना बघायचं आहे त्यांनी पुढे टेबलाशी या, एक नमुना आणला आहे.