सगळे कागद द्या म्हणजे नेमके कुठले?

हे खोकं बघा. वर मार्करने लिहिलंय, 'जुने व इतर'. कोर्टाच्या कामात सगळ्यात जास्त छळतो तो हा 'इतर'. दावा लागला की समोरचा वकील म्हणतो, या विषयातलं तुमच्याकडे जे काय असेल ते दाखवा, तुमच्या फायद्याचं असो नाहीतर अंगाशी येणारं, आणि मग ऑफिसात सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागतात, कारण काय कुठे पडलंय हे एकट्या कुणालाच धड माहीत नसतं.

लोकांना वाटतं लगेच शोधायला बसायचं. नाही. आधी थांबवायचं. ठरलेल्या दिवसांनी आपोआप उडणारे मेल, ज्यांच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होणार अशा बॅकअप टेप, नोकरी सोडून गेलेल्याचा लॅपटॉप जो आयटीवाले फॉरमॅट मारून नव्या माणसाला देणारच असतात, रद्दीसाठी सुतळीने बांधलेले गठ्ठे, सगळं आहे तिथेच राहू द्यायचं. याला लीगल होल्ड म्हणतात. हे न पाळल्याने काय होतं त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग हा खटला, एका कर्मचारी बाईने आपल्या बँकेवर केलेला. सांगूनही मेल डिलीट झाले, काही टेप मिळाल्याच नाहीत, तेव्हा 2004 साली जज शिरा शाइंडलिन यांनी ठरवलं की गेलेले मेल कंपनीच्या विरोधातलेच असावेत असं ज्युरी धरून चालू शकते. पुढच्या वर्षी निकाल कंपनीच्या विरोधात लागला, भरपाई आणि दंड मिळून 2 कोटी 90 लाख डॉलरच्या वर.

आता शोधायचं. सर्च बॉक्समध्ये शब्द टाकला की झालं ना?

1985 साली ब्लेअर आणि मॅरन या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. खटला एका अपघाताचा, जवळपास 40,000 कागदपत्रं, पानं साडेतीन लाखांच्या आसपास, सगळी कॉम्प्युटरवर. वकिलांना खात्री होती की कामाचं 75 टक्के तरी हाताला लागलंय. प्रत्यक्षात निघालं साधारण 20 टक्के! कारण गंमतशीर आहे. वकील 'अपघात' शोधत होते आणि ज्यांच्यावर शेकणार होतं ते लोक आपल्या पत्रांत 'ती दुर्दैवी परिस्थिती', 'तो प्रसंग' असं काहीतरी लिहीत होते. कोण आपल्या चुकीला अपघात म्हणेल? म्हणून सर्चच्या आधी माणसांना गाठावं लागतं, कामाला तुम्ही आपसात काय म्हणता, फाईलला काय नाव देता, मोबाईलवर कोणता ग्रुप आहे, डायरी कोण लिहितं. वरच्या साहेबांपेक्षा इथे दप्तर सांभाळणारा क्लार्क जास्त कामाचा, हे मी अनुभवाने सांगतोय.

हे पान जरा जवळून बघू. एका मेलचा प्रिंटआउट. हाच मेल सर्व्हरवर आहे, तिघांच्या इनबॉक्समध्ये आहे, तिथल्या जादा कॉपी सॉफ्टवेअर हॅश जुळवून बाजूला काढतं. हॅश म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसाच म्हणा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. मग हा कागद पण डुप्लिकेट, फेका? इथे कोपऱ्यात बघा, निळ्या पेनाने शेरा मारलाय, 'बोललो, पुढे नको', खाली सही. हा शेरा सर्व्हरवर कुठेच नाही. म्हणजे हा वेगळाच कागद झाला आणि कधीकधी अख्खा खटला अशा तीन शब्दांवर फिरतो.

कॉम्प्युटरवर उलटा त्रास. नीट ठेवू म्हणून कुणीतरी फाईल ड्रॅग करून पेनड्राइव्हवर घेतो आणि कॉपीवर 'तयार केल्याची तारीख' आजची पडते. हेतू चांगला असतो हो, पण मग उलटतपासणीत उत्तरं देत बसा. म्हणून कॉपी घ्यायची ती जाणकाराकडून, तारखा जशाच्या तशा ठेवून.

वकिलाशी झालेला सल्लामसलतीचा पत्रव्यवहार सहसा द्यावा लागत नाही, पण तोही आधी ओळखून वेगळा काढावा लागतो, नाहीतर चुकून गठ्ठ्यातून समोरच्याकडे जातो.

बरं, ते 'इतर'चं खोकं उघडलं. वर जुनी बिलं, मधे दोन डायऱ्या, तळाशी एक बंद पडलेला मोबाईल. यादीत लिहायचं, काय मिळालं, कुठे मिळालं, कोणी काढलं, किती वाजता. आणि चार्जर सापडला तरी मोबाईल आपण चालू करून बघायचा नाही.