वारशात आलेले बूट

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय 'ऑगस्ट: ओसेज काउंटी' या २०१३ सालच्या सिनेमाबद्दल. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचं माळरान, ऑगस्टचा उकाडा आणि एक जुनं मोठं घर. घरधनी बेव्हर्ली वेस्टन हा एकेकाळचा कवी, आता दारूत बुडालेला. त्याच्या बायकोला, व्हायोलेटला, तोंडाचा कॅन्सर झालाय आणि गोळ्यांचं व्यसनही जडलंय. एक दिवस बेव्हर्ली घरातून निघून जातो, आणि पुढे कळतं की तो बुडून गेला. मग तिन्ही मुली, जावई, मावशी, नात असा सगळा गोतावळा त्या घरात जमतो.

अंत्यविधीनंतरच्या जेवणाचा प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी अंगावर येतो. उकाड्यानं हैराण झालेले पुरुष कोट काढून बसलेत. व्हायोलेट टोमणा मारते, आणि सगळे मुकाट्यानं कोट पुन्हा चढवतात! मग ती एकेकाचं झाकलेलं उघडं करत जाते. आपण फक्त खरं बोलतोय, असं तिला वाटतं. शेवटी थोरली बार्बरा गोळ्यांच्या बाटलीसाठी आईच्या अंगावर धावून जाते. व्हायोलेट झालेली मेरिल स्ट्रीप आणि बार्बरा झालेली ज्युलिया रॉबर्ट्स, दोघींनाही ऑस्करचं नामांकन मिळालं, ते उगाच नाही.

पण व्हायोलेट मला कळली ती बुटांच्या गोष्टीतून. लहानपणी तिला काउबॉय बूट हवे होते. आईकडे तिनं किती हट्ट धरला असेल! नाताळच्या सकाळी आईनं छान बांधलेलं खोकं हातात ठेवलं. आत निघाले पुरुषाचे कामाचे जुने, भोकं पडलेले, चिखल आणि घाणीनं माखलेले बूट. आणि आई हसत राहिली, कितीतरी दिवस. व्हायोलेट हे आपल्या मुलींना सांगते. त्या ऐकताना आपल्याला दिसतं की ते खोकं अजून कुणी टाकून दिलेलं नाही. ते बार्बराच्या हातात आलंय. तिच्या जिभेला आईचीच धार आहे.

हे सगळं लेखक ट्रेसी लेट्स यांच्या घरातून आलंय. त्यांचे आजोबा बुडून गेले, आजी गोळ्यांच्या आहारी गेली. त्यावर त्यांनी नाटक लिहिलं, आणि त्याच नाटकावरून हा सिनेमा झाला. नाटक २००७ साली शिकागोत रंगमंचावर आलं आणि २००८ साली त्याला पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. नाटकात बेव्हर्लीची भूमिका लेट्स यांच्या वडिलांनीच केली होती. लेट्स यांच्या आईनं नाटक वाचलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या आईशी तू बराच मायेनं वागलायस. केवढं दुखणं असेल त्या बोलण्यामागे!

सिनेमाच्या शेवटी बार्बरा गाडी घेऊन माळरानातून निघून जाते. नाटकात हा भाग नाही, आणि मला तो नसता तरी चाललं असतं. माझ्या मनात राहतो त्याआधीचा क्षण. सगळे निघून गेलेत. रिकाम्या घरात हाका मारत व्हायोलेट जिना चढते. वर जॉना असते, बेव्हर्लीनं घरकामाला ठेवलेली, शायेन या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची मुलगी, जिला व्हायोलेटनं कधी धड वागवलं नाही. जॉना काही विचारत नाही. तिला जवळ घेऊन बसून राहते.