चेनपासून दूर, गुडघ्याला मोकळा

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

रविवारी पहाटे वाशीहून बेलापूरकडे जाणाऱ्या पाम बीच रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले, की उजाडायच्या आतच सायकलींचे दिवे येऊ लागतात. आधी येतात ते गटाने येणारे. अंगासरशा रंगीत जर्सी, पाठीवर कमरेच्या जरा वर तीन खिसे, काळ्या तोकड्या विजारी, डोक्याला हेल्मेट आणि हातात बोटे उघडी ठेवणारे मोजे. ते भुर्रकन निघून जातात. मग त्याच रस्त्याने, पण अगदी डाव्या कडेने, रात्रपाळी संपवून घरी निघालेला एखादा रखवालदार येतो आणि त्याच्या मागून कॅरिअरला ॲल्युमिनियमचा डबा बांधलेला, भोंगा वाजवणारा इडलीवाला येतो. रखवालदाराने गणवेशाच्या पँटचा उजवा पाय दोन घड्या घालून वर दुमडलेला असतो. फक्त उजवा, डावा नाही. इडलीवाल्याने लुंगी गुडघ्याच्या वर घेऊन कमरेला खोचलेली असते. ‘सायकलचे कपडे’ असे कोणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तो पहिला गट उभा राहतो. मला मात्र या दोघांना त्यातून वगळणे कधीच पटलेले नाही, कारण सायकलीवरच्या पोशाखाची सारी कथा त्या दुमडलेल्या उजव्या पायात सामावलेली आहे.

सायकलची चेन उजव्या बाजूला असते. चेनला तेल लागते, तेलावर धूळ बसते आणि त्या काळ्या वंगणाचा डाग रॉकेल लावल्याशिवाय निघत नाही, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. त्यामुळे फॅशन कोणतीही येवो, सायकलीवर बसणाऱ्याच्या कपड्याला दोन पथ्ये पाळावीच लागतात. तो चेनपासून दूर राहिला पाहिजे आणि गुडघ्याला मोकळा असला पाहिजे. पुन्हा सांगते, चेनपासून दूर आणि गुडघ्याला मोकळा.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी इंग्लंडमध्ये प्रकरण न्यायालयात गेले होते. १८९० नंतरच्या दशकात तिकडे सायकलीचे वेड पसरले, तेव्हा बायकांचा रोजचा वेश म्हणजे जमिनीला टेकणारे, आत कित्येक थर असलेले झगे. अमेरिकेत अमेलिया ब्लूमर यांनी १८५१ साली आपल्या वर्तमानपत्रातून घोट्याशी आवळलेल्या सैल विजारीचा पुरस्कार केला होता. लोकांनी थट्टा करून ती मागे पाडली होती, पण सायकल आली आणि तशा विजारी पुन्हा बाहेर निघाल्या. १८९८ साली लेडी हार्बर्टन अशीच विजार घालून सायकलीवरून सरे परगण्यातील ओकम गावच्या एका हॉटेलात उतरल्या, तेव्हा मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही आणि बारशेजारच्या खोलीत जाण्यास सांगितले. सायकलस्वारांच्या संघटनेने त्यावर खटला गुदरला. १८९९ साली निकाल हॉटेलच्या बाजूने लागला, कारण दुसरी खोली देऊ केली होती, म्हणजे सेवा नाकारली असे होत नाही, असे मानले गेले.

ही हकीकत वाचली की मला माझ्या आजीचे नऊवारी लुगडे आठवते. मागे कासोटा घट्ट खोचला की दोन्ही पाय आपापले सुटे होतात, भातलावणीला वाकता येते, विहिरीवर चढता येते आणि सायकल असती तर तीही चालवता आली असती. आजीकडे पोशाख होता, पण सायकल नव्हती. आई लग्न होऊन ठाण्याला आली तेव्हा घरात सायकल होती, परंतु शहरात राहायचे म्हणून ती गोल सहावारी नेसू लागली होती आणि त्या निऱ्यांत पाय टांगायला जागा उरली नव्हती. आई सायकल कधीच शिकली नाही. नव्या चालीचा म्हणून जो वेश आला त्याने तिच्याकडून चालण्यातला एक मोकळेपणा काढून घेतला, असे मला आजही मनापासून वाटते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून दुचाकीवर निघालेल्या मुली ठाण्यात दिसतात, त्यांच्याकडे मी कौतुकाने पाहत राहते. मात्र ती शिवलेली तयार नऊवारी न घेता त्यांनी ती एकदा तरी आजीकडून नेसायला शिकावी, कारण शिवलेल्या नऊवारीचा कासोटा दिसायला असतो, कसायला नसतो.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय निवडला, तो सांगते.

साल १९७६. आम्ही ठाण्यातल्या नौपाड्यात राहत होतो आणि माझे काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. रोजची ये-जा सायकलीवर. घरून निघताना दाराच्या खिळ्यावरची पोलादी क्लिप काढायची, उजव्या पायाची पँट घोट्याशी आवळून तीत अडकवायची आणि मग टांग मारायची, असा त्यांचा नेम होता. त्या वर्षी काकांसाठी मुली पाहणे सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यांनी बेलबॉटम शिवली. गडद तपकिरी टेरिकॉटचे कापड होते. शिंपी म्हणाला की चोवीस इंचांचा घेर पुरे, तर काकांनी सव्वीस सांगितला. पँट शिवून आली तेव्हा उभे राहिल्यावर बुटाचे टोकसुद्धा दिसत नव्हते आणि काका त्यावर अतिशय खूश होते.

मुलगी कळव्याची होती आणि कार्यक्रम शनिवारी दुपारी ठरला होता. आजी, आजोबा आणि आत्या लोकलने एक स्टेशन पुढे जाणार होते, तर काका पहिली पाळी सुटल्यावर परस्पर सायकलीने येणार होते. त्यांनी नवी पँट वर्तमानपत्रात गुंडाळून कारखान्यात नेली, पाळी सुटल्यावर हातपाय धुऊन ती चढवली आणि मळलेली जुनी पँट कपाटात टांगली. क्लिप त्या जुन्या पँटच्या खिशातच राहिली.

स्टेशनपर्यंत काही झाले नाही. मात्र खाडीवरच्या जुन्या कळवा पुलाचा चढ लागला तसे काका सीटवरून उठून, उभे राहून पायडल मारू लागले. तिथे खाडीचा वारा आडवा येतो. सव्वीस इंचांचा तो घेर शिडासारखा फुगला आणि चेनने त्याची कड पकडली. काकांना आधी कळलेच नाही. पाय जड लागतो आहे, म्हणजे चढ आहे, असे समजून त्यांनी आणखी जोर लावला आणि कापड पोटरीपर्यंत आत ओढले गेले. आता सायकल पुढे जाईना आणि पाय वर निघेना. डावा पाय रस्त्यावर टेकवून, उजवा पाय पायडलला जखडलेला, अशा अवस्थेत काका पुलाच्या मधोमध उभे राहिले. मागून एसटीचा हॉर्न वाजत होता. घाबरून त्यांनी पायडल पुढे रेटले, तेव्हा टर्रकन आवाज आला.

कळव्याकडून एक कोळीण रिकामी पाटी डोक्यावर घेऊन परत येत होती. चेंदणी कोळीवाड्यातली असावी. लुगडे गुडघ्यापर्यंत कसलेले होते आणि पाऊल भरभर पडत होते. तिने काकांकडे एकदा आणि पँटकडे एकदा पाहिले, पाटी कठड्याशी टेकवली आणि ती सरळ चेनपाशी उकिडवी बसली. “अरे पोरा, पुढं नको खेचू, पायडल मागं फिरव,” असे ती म्हणाली. मग एका हाताने तिने स्वतःच पायडल उलटे फिरवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हाताने कापड ताणून धरून ते एकेका दात्यावरून सोडवत नेले. श्रोतेहो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कापड अडकले की ओढायचे नाही, पायडल मागे फिरवायचे, म्हणजे चेनने जसे गिळले तसे ती ते परत देते.

कापड सुटले तेव्हा त्यावर अर्ध्या अर्ध्या इंचावर काळ्या ठिपक्यांची सरळ ओळ उमटली होती आणि त्यांतल्या काही ठिपक्यांच्या जागी भोके होती. “एवढं कापड रस्ता झाडायला घेतलंस काय?” असे तिने विचारले. मग पाटीच्या दांड्याला गुंडाळलेली जाळ्याची सुतळी तिने सोडली, बेलबॉटमचा घेर आतून बाहेर असा पोटरीभोवती गुंडाळला आणि घोट्याच्या वर दोन वेढे देऊन गाठ मारली. काका पैसे देऊ लागले, ते तिने घेतले नाहीत. कुठे निघालास, एवढेच विचारले. मुलगी पाहायला, असे ऐकल्यावर ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, “मग हात धुऊन जा.” काकांचे दोन्ही तळवे वंगणाने काळे झाले होते, ते त्यांनी तेव्हा पाहिले.

कळव्यात एका नळावर काकांनी हात धुतले, पण उशीर झालेला होता आणि सुतळी सोडण्याचे भान त्यांना राहिले नाही. ते तसेच जाऊन बसले, उजवा पाय खुर्चीखाली घेऊन. पोहे आले, नाव-गाव-शिक्षण झाले, आणि मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे मुलीला म्हटले, तुलाही काही विचारायचे असेल तर विचार. मुलीने मान वर केली आणि विचारले, “क्लिप विसरलात का?”

तिचे वडीलही रोज सायकलीने कारखान्यात जात असत आणि निघताना त्यांची क्लिप शोधून देण्याचे काम तिचे होते. मग काकांनी पुलावरची सगळी हकीकत सांगितली. आजोबांना ती आवडली नाही, पण मुलीकडची मंडळी मोकळेपणाने हसली. काकूंना विचारले तर त्या अजूनही सांगतात, की घाबरलेल्या माणसाने बांधलेली ती गाठ नव्हती, ती कोळ्याच्या हातची होती, म्हणून तर त्यांना कुतूहल वाटले. पुढच्याच आठवड्यात काकांनी ती पँट त्याच शिंप्याकडे नेऊन पाय सोळा इंचांवर आणवला. भोके पडलेली कड त्यात आपोआप कापली गेली आणि कापलेल्या तुकड्यांनी काका पुढे कित्येक वर्षे चेन पुसत असत. असा पाय आत घेऊन देणारा, उसवलेली शिवण चार वाजता घेऊन सहा वाजता परत करणारा शिंपी गल्लीत असणे ही शहराची गरज आहे, आणि ठाण्यात अशी दुकाने एकेक करून बंद होताना मला फार वाईट वाटते.

वेळ थोडा उरला आहे, तेव्हा पाम बीच रस्त्यावरच्या त्या पहिल्या गटाकडे येते. त्यांचा वेश शर्यतींतून आला. टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली, तेव्हा आणि नंतरही बराच काळ शर्यतीची जर्सी लोकरीची असे. लोकर घाम पिते आणि तरी अंगाला लगेच गार, ओली लागत नाही. १९२५ सालापासून लोकरीच्या कापडाची गिरणी चालवलेल्या ठाण्याच्या लोकांना हा गुण वेगळा सांगायला नको. आघाडीवरच्या स्वाराला पिवळी जर्सी १९१९ पासून मिळू लागली, कारण शर्यत भरवणारे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापले जात होते. इटलीतल्या शर्यतीत १९३१ सालापासून आघाडीवरच्या स्वाराची जर्सी गुलाबी झाली, कारण तिथल्या वर्तमानपत्राचा कागद गुलाबी होता. विजार काळी, कारण सीटच्या कातड्याचे आणि वंगणाचे डाग तीत लपतात. तिच्या आत पूर्वी मऊ कातडे शिवलेले असे, जे धुतल्यावर पापडासारखे कडक होई आणि मलम चोळून मऊ करावे लागे. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने ताणले जाणारे धागे तयार केले, त्यांनाच आपण लायक्रा म्हणतो. सत्तरच्या दशकात त्यांच्या विजारी आल्या, पुढे कातड्याची जागा फोमच्या गादीने घेतली आणि लोकर मागे पडली.

हा वेश उगाच दिखाऊ आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या दमट हवेत सुती पँट तासाभरात घामाने जड होते आणि मांडीची कातडी सोलवटते, तर लायक्रा लवकर वाळते. चेनपासून दूर, गुडघ्याला मोकळा, ही दोन्ही पथ्ये ती पाळते. तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्याने ती जरूर घालावी. पण घरापासून स्टेशनपर्यंत जायला जर्सी हवी, ती नाही म्हणून सायकल नको, असे जेव्हा एखादी मुलगी म्हणते तेव्हा मी तिला सांगते, की ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मार आणि नीघ. सायकलीला चेनकव्हर तेवढे बसवून घे. हल्लीच्या पुष्कळ सायकली चेनकव्हरशिवाय विकल्या जातात, आणि ज्यांनी वजन वाचवण्यासाठी ते काढले त्यांनी साडीचा, सलवारीचा आणि रखवालदाराच्या गणवेशाचा विचार केला नाही, अशी माझी तक्रार आहे.

काकांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. सकाळी ते मासुंदा तलावाला सायकलीने तीन फेऱ्या मारतात. गेल्या वर्षी नातवाने त्यांना गादीची काळी विजार आणून दिली. ती त्यांना मनापासून आवडली, पण तेवढ्यावर रस्त्यावर जाणे त्यांना जमेना, म्हणून ते तीवर नेहमीची सुती पँट घालतात. उजव्या घोट्याला क्लिप असते. काकू दारापर्यंत येतात, चेहऱ्याकडे न पाहता आधी पायाकडे पाहतात आणि मग दार लावून घेतात.

नमस्कार.